उसनी चूक

“मग अक्का, चावी कधी देताय?”

सन्मतीनं लॅपटॉप मिटता मिटता विचारलं. विचारलं म्हणजे काय, मागितलीच.

चंपाक्का सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं.

“दाखवलास तो प्रोग्रॅम सगळा तूच लिहिलास?”

“एका संध्याकाळात. काय पाहिजे ते एआयला सांगितलं, त्यानं लिहून दिलं. बरोबर चालतो का हे बघायच्या तपासण्याही त्याच्याकडूनच लिहून घेतल्या. चाळीसच्या चाळीस पास.”

“चूक?”

“एकही नाही, अक्का.”

“अस्सं...” चंपाक्कांनी पुढची शेंग उचलली. “मग ह्यात तुझं काय आहे?”

सन्मती हसला. अक्का चेष्टा करतायत असं त्याला वाटलं. त्या चेष्टा करत नव्हत्या.

आता ही चावी कशाची, ते सांगायला हवं. गाव नदीकाठचं. दर पावसाळ्यात नदी खालच्या गल्लीत डोकावून जायची आणि एखाद्या वर्षी मुक्कामालाच यायची. पुलाच्या खांबावर फूट आणि इंच रंगवलेले. दस्तगीरमामू तासातासाला तिथं जाऊन पाणी किती आहे ते बघायचे आणि आकडा मोबाइलवरून पाठवायचे. पंचायतीच्या खोलीतल्या कपाटात एक कॉम्प्युटर होता. तो आकडा वाचायचा, आणि पाणी अडतीस फुटांवर जाऊन चढत राहिलं की खालच्या गल्लीतल्या एकतीस घरांत एकदम फोन वाजायचे. पाणी उतरायला लागलं की ‘आता घरी परत या’ असा निरोप जायचा. हा प्रोग्रॅम चंपाक्कांनी पंधरा वर्षांपूर्वी लिहिला आणि आजवर एकटीनं सांभाळला. त्या कपाटाची चावी त्यांच्या कमरेला असे.

पण आता डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती. मृग लागायच्या आत चावी कोणाच्या तरी हातात द्यायची होती, नाहीतर पंचायत बाहेरच्या कंत्राटदाराला बोलावणार होती. त्या कंत्राटदारानं नदी नकाशावर पाहिली असली तरी पुष्कळ.

सन्मती मगदूम चोवीस वर्षांचा, इंजिनियर झालेला, गावातलाच. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण आपण किती हुशार आहोत हे हुशार माणसाला जरा जास्तच माहीत असतं. चंपाक्कांच्या जुन्या प्रोग्रॅमकडे ढुंकूनही न बघता त्यानं नवाकोरा तयार करून आणला होता.

“कळलं नाही, अक्का. चूक नाही म्हणून तुमची तक्रार आहे?”

“तक्रार नाही रे. बघतेय.” चंपाक्कांनी हात झटकले. “असं कर. तुझी स्वतःची एक चूक घेऊन ये. मग चावीचं बोलू.”

“चूक... घेऊन येऊ?”

“एकच. लहान असली तरी चालेल.”

सन्मती घरी गेला तो डोक्यात किडा घेऊनच. चूक नको म्हणून लोक नवस बोलतात आणि ही बाई चूक मागते! म्हातारपणी माणसं अशी होतात म्हणावं, तर अक्कांचं डोकं अजून गावात सगळ्यात तल्लख होतं. काहीतरी असणार. काय असणार?

त्यानं आपला कोड उघडला आणि चूक शोधायला बसला. कोड छान होता. वाचताना सगळं पटत होतं. पटत होतं एवढंच, तो नुसती मान डोलवत खाली खाली जात होता.

मग त्यानं काय केलं असेल? जे रोज करायचा तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजर.

“आणली अक्का.”

“सांग.”

“घरांना फोन लावताना मोजणी शून्यापासून सुरू होते. मी शेवट एकानं अलीकडे धरला. म्हणजे एकतीसऐवजी तीसच घरांना फोन जातो.”

“बरी आहे चूक,” चंपाक्का म्हणाल्या. “कुठलं घर राहिलं?”

“शेवटचं.”

“कोणाचं ते?”

यादी त्यानं वाचली नव्हती. एआयला नुसती जोडून दिली होती.

“बरं, राहू दे. ही चूक करताना तुला काय वाटलं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे माणूस चुकतो तेव्हा त्याला वाटत असतं की आपलं बरोबरच आहे. चुकीच्या खाली एक समजूत असते. तुझी कुठली समजूत होती?”

सन्मतीनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. सोप्यातला पंखा कुरकुरत राहिला.

“अक्का... खरं सांगू?”

“सांग की.”

“मी एआयला म्हणालो, नवशिक्या माणसाची वाटेल अशी एक चूक करून दे.”

चंपाक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला आणि त्या अशा हसल्या की सुपातले दाणे सांडले. पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या,

“चूकसुद्धा उसनी आणलीस रे!”

सन्मतीलाही हसू आलं. पण ते अर्ध्यावरच विरलं, आणि मग त्यानं कोणालाच न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडून निघाली.

“पुण्याला मुलाखतीला गेलो होतो, अक्का. मार्चमध्ये. त्यांनी सांगितलं, एआय बंद करा. मग एक गणित दिलं. सोपं होतं. एका यादीतून दोनदा आलेली नावं काढायची. आणि माझे हात हलेनात. चाळीस मिनिटं मी कोऱ्या पडद्याकडे बघत बसलो. समोरची बाई इतकी चांगली की तिनं पाणी आणून दिलं. ते पाणी पितानाच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

चंपाक्का सांडलेले दाणे सुपात गोळा करत होत्या.

“कॉलेजात पहिल्या वर्षी मी स्वतः लिहायचो. नंतर आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागली. आता मलाच कळत नाही... माझ्या डोक्यात काही आहे का? का सगळं त्याचंच आहे? तुम्ही चावी दिली असती तर वाटलं असतं, आहे काहीतरी.”

तर त्याला चावी हवी होती ती यासाठी. कपाट उघडायला कमी आणि स्वतःच्या डोक्यात बघायला जास्त.

चंपाक्का उठल्या. आतल्या खोलीत बराच वेळ खुडबुड झाली. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन वस्तू होत्या. एक दस्तगीरमामूंची जुनी वही, एका मोठ्या पुराच्या वर्षाची. दुसरी, लाकडी चौकटीची दगडी पाटी. चौकटीला भोक पाडून त्यात सुतळी ओवलेली आणि सुतळीच्या टोकाला एक ओलं फडकं.

“वहीतला एकेक आकडा घे,” त्या म्हणाल्या. “तुझा प्रोग्रॅम काय म्हणेल ते आधी पाटीवर लिही. मग आकडा त्याला दे. आधी पाटी, मग यंत्र. उलटं करायचं नाही.”

“पहिलीतल्या पोरासारखं?”

“सूतगिरणीत नोकरीला होते तेव्हा आम्ही असंच करायचो. तिथं कॉम्प्युटर कुठला? कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचा, गठ्ठा बांधायचा, गिरणीच्या जीपमधून पुण्याला. उत्तर यायचं तिसऱ्या दिवशी. तोवर काय करणार? प्रोग्रॅम डोक्यातच चालवून बघायचो. जीप आली की आपलं उत्तर आणि त्याचं उत्तर शेजारी ठेवायचो.”

“आणि जुळलं नाही तर?”

“त्या दिवशी चहा गोड लागायचा,” चंपाक्का म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा घेऊन बसल्या.

सन्मती पाटी मांडीवर घेऊन बसला. वयाच्या चोविसाव्या वर्षी लेखणी हातात धरताना त्याला लाज वाटली. रस्त्यावरून कोणी बघत नाही ना, याची त्यानं खात्री करून घेतली.

पहिला आकडा, ३६.४. छत्तीस फूट चार इंच. त्यानं पाटीवर लिहिलं, शांत. प्रोग्रॅम म्हणाला, शांत. पुढचा ३७.२. शांत, शांत. यात काय शिकायचंय, असं त्याच्या मनात आलंच.

मग आला ३८.०, बरोबर अडतीस फूट. त्यानं लिहिलं, फोन. प्रोग्रॅम म्हणाला, शांत.

सन्मती पुढे सरकला.

असं कसं? अडतीसला फोन जायला हवा. त्यानं कोड उघडला, आणि या वेळी मान न डोलवता वाचला. सापडलं. ‘अडतीसपेक्षा जास्त’ असं लिहिलं होतं. बरोबर अडतीस असेल तेव्हा काय, याचा विचार कोणी केलाच नव्हता. एआयनं केला नव्हता, आणि ज्यानं करायला हवा होता तो मान डोलवत होता.

“अक्का! मला माझाच प्रोग्रॅम माहीत नव्हता!”

हे तो इतक्या आनंदानं ओरडला की शेजारची मांजर भिंतीवरून उतरली. चंपाक्कांनी नुसता हुंकार दिला. सन्मतीनं ती ओळ आपल्या हातानं सुधारली आणि पुढचा आकडा घेतला. आता पाटीची लाज वाटत नव्हती. प्रत्येक आकड्याला छातीत थोडं धडधडत होतं, पत्त्याचं पान उलटताना होतं तसं.

३८.२. त्यानं लिहिलं, चढ, फोन. जुळलं.

३८.५. चढ, फोन. जुळलं.

३८.९. जुळलं.

वहीत पुढचा आकडा होता ३८.१०. सन्मतीनं लिहिलं, चढ, फोन. आकडा यंत्राला दिला.

यंत्र म्हणालं: उतार. घरी परतण्याचा निरोप पाठवला.

सन्मतीनं पडद्याकडे बघितलं. मग पाटीकडे. मघाशीही यंत्र काय म्हणेल याचा आपला अंदाज चुकला होता, हे त्याला आठवलं. पुन्हा चुकलो वाटतं... त्यानं फडकं उचललं, ‘चढ’ पुसलं आणि तिथं लिहिलं, उतार.

“काय पुसलंस?”

चंपाक्कांनी मान वर केली नव्हती. डोळे अधू झाले तरी ओल्या फडक्याचा दगडावरचा आवाज त्यांच्या कानांना नीट ओळखीचा होता.

“माझं चुकलं होतं, अक्का. सुधारलं.”

“आधी काय लिहिलं होतंस?”

“चढ.”

“का?”

“कारण आधी होते अडतीस फूट नऊ. मग अडतीस फूट...” तो अडखळला. “...दहा.”

“आणि आता काय लिहिलंस?”

“उतार.”

“का?”

सन्मतीनं पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग तो हळूच म्हणाला,

“ते म्हणालं म्हणून.”

चंपाक्कांनी शेंग फोडली.

“मामू पुलावर असतील आता,” त्या म्हणाल्या.

सन्मती उन्हातून पळत पुलावर गेला. दस्तगीरमामू खांबावरचे पुसट झालेले आकडे पांढऱ्या रंगानं पुन्हा रंगवत होते. उन्हाळ्यात नदी पार तळाला गेलेली, खांब उंचच्या उंच उघडा पडलेला.

“मामू, वहीत तुम्ही ३८.१० लिहिलंय. म्हणजे किती?”

“अडतीस फूट धा इंच,” मामू म्हणाले. “आणि काय असणार?”

“आणि ३८.९?”

“अडतीस फूट नऊ इंच. बाळा, ऊन लागलंय का तुला?”

“त्या दिवशी नवाचे दहा झाले तेव्हा पाणी उतरत होतं का हो?”

मामूंनी ब्रश डब्यात ठेवला.

“उतरतंय कसलं! चढत होतं सपासप. पुढच्या तासाला खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी. फोन वाजले म्हणून माणसं वर शाळेत गेली होती. नाहीतर...” मामूंनी ब्रश पुन्हा उचलला.

सन्मती खांबाकडे बघत राहिला. एका फुटाच्या पोटात बारा रेघा. नवानंतर दहावी, दहानंतर अकरावी, मग नवा फूट. त्याच्या प्रोग्रॅमला रेघा दिसत नव्हत्या. टिंबानंतरचा दहा त्याला दहा इंच नव्हता, दशांश होता. अडतीस पूर्णांक एक. आणि अडतीस पूर्णांक नऊपेक्षा ते कमीच. नदी चढत राहिली असती आणि यंत्रानं एकतीस घरांना सांगितलं असतं, पाणी उतरलं, परत या. लोक आले असते. पोरंबाळं, म्हशी घेऊन, यंत्रावर भरवसा ठेवून परत आले असते.

चाळीस तपासण्या पास झाल्या होत्या. त्या ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्यानंच लिहिल्या होत्या, आणि त्याला कोणी हा खांब दाखवला नव्हता. सन्मती या पुलावरून लहानपणापासून सायकल हाणत होता.

तो परत आला तेव्हा चंपाक्कांच्या शेंगा संपल्या होत्या.

“चूक सापडली, अक्का.”

“कोणाची?”

“प्रोग्रॅमची. टिंबाच्या पुढचे इंच त्यानं दशांश म्हणून धरले. सगळ्याचे इंच करूनच तुलना करायला हवी.”

“मी तसंच केलंय, जुन्यात. बघितला असतास तर दिसलं असतं.” त्या थांबल्या. “पण ही त्याची झाली. मी तुझी मागितली होती.”

सन्मती खाली बसला. पाटी अजून तिथंच पडलेली, तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, उतार. त्याखाली मघाच्या ‘चढ’ची पुसट पांढरी सावली अजून दिसत होती.

तो तिच्याकडे बघत राहिला... बघत राहिला.

“मी पुसलं,” तो म्हणाला.

चंपाक्कांनी रिकामं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“मला येत होतं, अक्का. माझं बरोबर होतं. माझं डोकं बरोबर चाललं होतं आणि मीच ते पुसलं.” त्याला रडू येत होतं आणि त्याच वेळी आतून कुठंतरी फार बरं वाटत होतं. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं.

“तेव्हा काय वाटलं होतं तुला?”

“त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“कळतंच की,” चंपाक्का म्हणाल्या. “पुष्कळदा कळतं.”

“मग?”

चंपाक्कांनी सूप भिंतीला उभं करून ठेवलं आणि चहाचं आधण टाकायला आत गेल्या.

त्या दुपारी सन्मतीनं फुटांचे इंच करणाऱ्या सहा ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या. सहा ओळींना अडीच तास लागले. दोनदा चुकला. एकदा बारानं गुणायच्या ऐवजी भागलं आणि नदी खांबाच्या पायथ्याशी नेऊन ठेवली. दुसऱ्यांदा कंस विसरला. दोन्ही वेळा पाटीवर आधी लिहिलेलं होतं म्हणून लगेच कळलं. तेव्हा त्यानं पाटीवरचं काही पुसलं नाही, शेजारी लिहिलं. पाटी भरून गेली.

शेवटी तो म्हणाला,

“अक्का, आता एआयला दाखवू का? अजून काही सुटलंय का विचारतो.”

“दाखव की. मी रोज विचारते त्याला.”

सन्मती चकित झाला. “तुम्ही?”

“डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे. बोलून विचारते.”

त्यानं विचारलं. एआयनं एक गोष्ट दाखवून दिली, ती खरीच सुटली होती: मामूंकडून कधी नुसतंच ३८ आलं, टिंबाशिवाय, तर सहा ओळी कोलमडत होत्या. सन्मतीनं मान डोलवली नाही. पाटीच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत काय होईल ते लिहिलं, चालवून बघितलं, मग मानलं. एआयनं दुसरी गोष्ट सांगितली, इंच बारापर्यंत जातात म्हणून. सन्मतीला खांब आठवला. अकरापर्यंतच जातात, तो म्हणाला, बारा झाले की फूट. यंत्रानं लगेच चूक कबूल केली.

सगळी वही पुन्हा एकदा झाली. आधी पाटी, मग यंत्र. ३८.९ ला चढ. ३८.१० ला चढ. ३८.११ ला चढ. एकतीस घरांना फोन. यादीतलं शेवटचं घर कोणाचं, तेही त्यानं या वेळी वाचलं. दस्तगीरमामूंचं होतं.

चहा झाला. खरोखरच गोड होता. साखर जास्त पडली होती का काय, कोण जाणे.

चंपाक्कांनी कमरेची चावी काढली. चाचपडत पाटीवर ठेवली आणि पाटी सन्मतीपुढे सरकवली.

सन्मतीनं आधी त्यांच्या पायांना हात लावला. मग चावी खिशात घातली आणि पाटी उचलली. सुतळी ताणली गेली. दुसरं टोक चंपाक्कांनी हातात धरलं होतं.

त्यांनी बोटांनी गाठ शोधली. ती सोडवली. ओलं फडकं सुटून त्यांच्या मांडीवर पडलं.

“अक्का... फडकं?”

“ते राहू दे माझ्याजवळ.”